पट्टी दिसू नये, उजेड दिसावा

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये एलईडी लावायचे म्हटले की बहुतेक जण आधी पट्टी विकत आणतात आणि मग ती कुठे चिकटवायची ते शोधत बसतात. मी उलट सांगेन. उजेड कुठे पडायला हवा ते आधी ठरवा. पट्टीची लांबी त्यावरून ठरते, आणि बहुधा ती तुमच्या अंदाजाच्या निम्मीच निघते.

मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते आणि मित्रमंडळींना कॉम्प्युटर जोडून देते. दोन्हीकडे माझा आग्रह एकच: बघणाऱ्याला दिवा दिसता कामा नये, दिव्याने उजळलेली वस्तू दिसली पाहिजे. स्पॉटचा झोत थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत गेला तर त्याला नट दिसत नाही. कॅबिनेटचेही तसेच. काचेतून एलईडीचे टिपके थेट दिसत असतील तर डोळा त्या टिपक्यांना सरावतो आणि मागचा मदरबोर्ड, प्रोसेसरचा कूलर, नीट ओवलेल्या केबल सगळे काळोखात जाते. ज्या वस्तू एवढ्या हौसेने निवडल्या त्याच दिसेनाशा होतात.

आधी अंधार, मग टॉर्च

मशीन बंद करा, पॉवर सप्लायच्या मागचे बटण बंद करा, प्लग काढा आणि मग पुढचे पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला करंट निघून जातो. बाजूची काच काढून जाड कापडावर आडवी ठेवा. टेम्पर्ड काच मधोमध बराच मार सोसते, पण तिची कड किंवा कोपरा टणक फरशीवर जरासा आपटला तरी सगळ्या काचेचा चुरा होऊ शकतो. ती भिंतीला टेकवून उभी करू नका.

आता खोलीतले दिवे मालवा. मोबाइलच्या टॉर्चवर पांढऱ्या कागदाची दुहेरी घडी धरा, उजेड मऊ होतो. हा टॉर्च कॅबिनेटच्या आत एकेका जागी धरून बघायचा आहे. धरायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा आणि तुम्ही तुमच्या रोजच्या खुर्चीत बसा, कारण कॅबिनेट टेबलावर असेल तर नजर आडवी जाते आणि जमिनीवर असेल तर वरून खाली. एका उंचीवरून लपलेली पट्टी दुसऱ्या उंचीवरून उघडी पडते.

मी सर्वात आधी काचेलगतची वरची कड बघते. तिथे पत्रा आत वळवलेला असतो. त्या वळणाच्या आड टॉर्च धरला की उजेड तिरका होऊन आत आणि खाली जातो, ग्राफिक्स कार्डच्या पाठीवर पसरतो आणि कूलरच्या पात्या एकेक सुट्या दिसायला लागतात. तिरक्या उजेडाचे हेच बळ आहे. समोरून सपाट उजेड टाकला तर त्याच पात्यांचा एक राखाडी ठोकळा होतो. बहुतेक कॅबिनेटमध्ये मुख्य पट्टी मी इथेच लावते आणि पुष्कळदा तेवढी एकच पुरते.

तळाशी, पॉवर सप्लायच्या झाकणावर, पट्टी लावायची पद्धत फार आहे. तिथून उजेड खालून वर जातो. चेहऱ्यावर खालून उजेड टाकला की माणूस भेसूर दिसतो, आणि ग्राफिक्स कार्डचेही तेच होते. पंख्यांच्या सावल्या वर चढतात, कार्ड उगाच अवजड वाटते. ही जागा मी फक्त भरणीच्या, म्हणजे सावल्या जराशा उजळवणाऱ्या, उजेडासाठी वापरते, तोही मुख्य उजेडाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका मंद.

तिसरी जागा मदरबोर्डच्या ट्रेची, म्हणजे ज्या पत्र्यावर तो बसतो त्याची, पुढची कड, जिथून केबल मागे जातात. ट्रेच्या मागून उजेड आला की बोर्डाची कड उठून दिसते आणि आतल्या जागेला खोली येते. मात्र फटीतून पट्टीच डोकावत असेल तर नाद सोडा. चौथी जागा आत नाही, बाहेर आहे: कॅबिनेटची मागची कड, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर पडलेला उजेड परतून येतो, टिपके कुठेच दिसत नाहीत आणि रात्री स्क्रीनकडे बघताना डोळ्यांना बरे वाटते. मॉनिटरच्या पाठीलाही हीच युक्ती.

कॅबिनेट आतून काळे असेल तर बराच उजेड पत्राच गिळतो, म्हणून पट्टी वस्तूच्या जवळ हवी. आतून पांढरे असेल तर तोच उजेड चहूकडे उसळतो. तिथे निम्म्या ब्राइटनेसवरही भागते आणि दोन रंग घेतले तर ते एकमेकांत मिसळून फिकट होतात. पांढऱ्या कॅबिनेटमध्ये एकच रंग घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

जागा नक्की झाली की दोरा लावून लांबी मोजा. साध्या मिड-टॉवरमध्ये, म्हणजे मध्यम उंचीच्या कॅबिनेटमध्ये, वरची कड ३५ ते ४० सेंटिमीटर भरते.

पाच व्होल्ट की बारा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन जातींची हेडर, म्हणजे कनेक्टर बसवायच्या पिनांचे संच, असतात आणि त्यांची सरमिसळ झाली तर पट्टी जळते.

बारा व्होल्टच्या हेडरला सलग चार पिना असतात: १२ व्होल्ट, हिरवा, लाल, निळा. याला नुसते आरजीबी म्हणतात. पट्टीवरचे सगळे एलईडी एका वेळी एकाच रंगाचे होतात, कारण तिन्ही रंगांच्या तारा साऱ्या पट्टीला सामाईक असतात. पाच व्होल्टच्या हेडरला जागा चारच, पण पिना तीन: ५ व्होल्ट, डेटा, एक रिकामी जागा, ग्राउंड. हा एआरजीबी. यात प्रत्येक एलईडी वेगळ्या रंगाचा होऊ शकतो.

चूक नेमकी काय करते ते समजून घ्या, म्हणजे हात आपोआप सावध होतो. तीन पिनांचे कनेक्टर चार पिनांच्या हेडरवर कसेबसे दाबून बसवले, तर पट्टीच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट येतात आणि तिची ग्राउंडची तार निळ्याच्या पिनेवर बसते. बारा व्होल्टच्या हेडरमध्ये रंगांच्या पिना ग्राउंडकडे उघडझाप करत असतात. म्हणजे निळा रंग लागला की सर्किट पुरे होते आणि पाच व्होल्टसाठी बनलेल्या चिपमधून बारा व्होल्ट जातात. पट्टी काही क्षणांत निकामी होते. चांगल्या कनेक्टरमध्ये तिसरे भोक बुजवलेले असते, त्यामुळे ते चार पिनांवर बसतच नाही. स्वस्त पट्ट्यांच्या टोकाला मात्र सुटे कनेक्टर असते आणि ते कुठेही बसते. म्हणून कनेक्टर हातात घेऊन आधी बाण शोधा. बाण असतो ती बाजू ५ व्होल्टची, किंवा बारा व्होल्टच्या पट्टीत १२ व्होल्टची. हेडरलगत मदरबोर्डावर छापलेली अक्षरेही वाचा. बोर्ड काळा आणि अक्षरे बारीक असतात, तेव्हा मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा आणि मदरबोर्डच्या माहितीपुस्तकातल्या आकृतीशी ताडा. एमएसआयच्या बोर्डावर पाच व्होल्टच्या हेडरचे नाव जेरेनबो आणि बारा व्होल्टच्याचे जेआरजीबी असते. गिगाबाइटवर अनुक्रमे डी-एलईडी आणि एलईडी-सी.

नवी पट्टी घ्यायची असेल तर पाच व्होल्टची घ्या. नुसता एकच स्थिर रंग हवा असला तरीही. कारण पुढे पट्टीचा अर्धा भाग मंद आणि अर्धा उजळ करावासा वाटतो, आणि ते बारा व्होल्टवर जमत नाही.

पाच व्होल्टच्या पट्टीवर बहुधा डब्ल्यूएस २८१२ बी किंवा तिच्याशी जुळणारी चिप असते. पाच मिलिमीटर चौरसाच्या त्या पांढऱ्या डबीत लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि त्यांना चालवणारी इवलीशी चिप एकत्र बसवलेली असते. भिंगातून बघितले तर केसाहून बारीक तारा दिसतात. डेटा एकाच तारेवरून येतो. रांगेतल्या माणसांनी गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी आपल्याकडे ठेवून बाकीचा गठ्ठा पुढे सरकवावा, तसा प्रत्येक एलईडी आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याला देतो. प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. ही रांग डोक्यात पक्की असली की पुढची बरीच दुरुस्ती सोपी होते: एखादा एलईडी मेला तर त्याच्या मागचे नीट चालतात, पुढचे सगळे गप्प होतात.

करंटचा हिशोब

डब्ल्यूएस २८१२ बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा, पूर्ण ब्राइटनेसवर असताना ६० मिलिअँपिअर घेतो असे धरून चला. नव्या चिप कमी घेतात, पण हिशोब जास्तीचाच करावा. मीटरला ६० एलईडीची पट्टी असेल तर एका मीटरला ३.६ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टवर १८ वॉट. मदरबोर्डच्या पाच व्होल्टच्या हेडरची मर्यादा बहुधा ३ अँपिअर असते. तुमच्या बोर्डाची नेमकी मर्यादा माहितीपुस्तकात छापलेली असते, ती पाहा. म्हणजे एका हेडरवर पन्नासेक एलईडी. ४० सेंटिमीटरच्या पट्टीत २४ एलईडी येतात, सुमारे दीड अँपिअर, अगदी आरामात.

गडबड होते ती पंखे आले की. प्रत्येक पंख्यात एलईडीचे आपले गोल कडे असते. तीन-चार पंखे, कूलर आणि दोन पट्ट्या एका हेडरवरून काढल्या तर मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. अशा वेळी स्वतःची पॉवर घेणारा हब, म्हणजे अनेक पट्ट्या-पंखे जोडायची डबी, लावा. तो पाच व्होल्ट साटाच्या, म्हणजे डिस्कला पॉवर देणाऱ्या, केबलवरून घेतो आणि मदरबोर्डकडून फक्त डेटा. नुसता वाय-आकाराचा स्प्लिटर हे काम करत नाही. तो डेटा वाटतो, पण सगळा करंट त्याच एका हेडरमधून ओढतो.

हबला साटाची केबल देताना दोन गोष्टी जपा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या पॉवर सप्लायला कधीच लावू नका, टोक चपखल बसले तरीसुद्धा. डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण पॉवर सप्लायकडच्या टोकातल्या पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, आणि अदलाबदलीत हबच काय, डिस्कही जातात. आणि साटाचा स्प्लिटर घ्यायचाच झाला तर तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून पॅक केलेला घेऊ नका. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्या. ओतलेल्या टोकांमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून वितळल्याचे प्रकार पुष्कळ होतात.

कापणे आणि जोडणे

पट्टी चिकटवण्याआधी ती टेबलावर पसरून, जोडून, पेटवून बघा. सगळे एलईडी लाल, मग हिरवे, मग निळे करून पाहा. चिकटवल्यानंतर मेलेला एलईडी सापडला तर पट्टी सोलून काढताना तिचे तांब्याचे मार्ग तुटतात.

पाच व्होल्टची पट्टी प्रत्येक एलईडीनंतर कापता येते, बारा व्होल्टची बहुधा तीन-तीन एलईडीनंतर, कारण तिच्यात तीन एलईडी एका माळेत असतात. कापायची जागा म्हणजे तांब्याच्या ठिपक्यांची ओळ आणि तिच्या मधून गेलेली रेघ. कात्री धारदार हवी आणि काप बरोबर ठिपक्यांच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही तुकड्यांकडे सोल्डर करण्याइतके (धातू वितळवून तार जोडण्याइतके) तांबे उरते. पट्टीवर बाण छापलेले असतात, ते डेटाची दिशा दाखवतात. तुकड्याला तार जोडायची ती बाणाच्या मागच्या टोकाला. पुढच्या टोकाला जोडली तर पॉवर येते, पण उजेड येत नाही.

सोल्डरिंग येत नसेल तर दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिप मिळतात. चालतात, पण कॅबिनेटमध्ये पंख्यांची सततची थरथर असते आणि वर्षा-दोन वर्षांत क्लिपमधली पकड सैल होते. तीन जोड सोल्डर करायला शिकणे फार अवघड नाही. सोल्डरिंगची इस्त्री साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. आधी पट्टीच्या तिन्ही ठिपक्यांवर सोल्डरचा छोटा फुगवटा द्या. मग तारेची दोन-तीन मिलिमीटर सोललेली टोके सोल्डरने माखून घ्या. आता तार ठिपक्यावर धरा आणि इस्त्रीचे टोक सेकंदभर टेकवा. दोन्हीकडचे सोल्डर वितळून एक होते आणि चकचकीत राहते. इस्त्री काढल्यावर तार हलू न देता दोन सेकंद थांबा. जोड खरबरीत आणि मळका दिसला तर पुन्हा करा. इस्त्री ठिपक्यावर रेंगाळली तर तांब्याचा पापुद्रा सुटून येतो, म्हणून घाई नको पण मुक्कामही नको. शेवटी जोडावर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी, नळी ओढून गरम करा.

पट्टीच्या दुसऱ्या, कापलेल्या टोकाकडेही लक्ष द्या. तिथे ५ व्होल्ट आणि ग्राउंडचे तांबे उघडे असते आणि खाली पत्रा असतो. शॉर्ट व्हायला तेवढे पुरते. तिथेही हीट श्रिंक किंवा इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या.

काटकोनात पट्टी मुडपू नका. मुडपल्या जागी तांबे कालांतराने तुटते. कोपरा आला की पट्टी कापा आणि तीन छोट्या तारांनी पुढचा तुकडा जोडा.

चिकटवणे

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दिसायला स्वच्छ पत्र्यावरही हाताचा तेलकटपणा असतो आणि पट्टी नेमकी तिथून सुटते. मागचा कागद एकदम न काढता दहा-बारा सेंटिमीटर सोलत, चिकटवत पुढे जा. दाब एलईडीच्या डबीवर नको, दोन डब्यांच्या मधल्या जागेवर द्या. चिकटपट्टीला पुरी पकड यायला दोनेक दिवस लागतात, तोवर तारेला ताण देऊ नका. दोन्ही टोकांना चिकटणाऱ्या छोट्या क्लिप लावा, कारण सुटायला सुरुवात टोकापासूनच होते. ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट ज्या जागेवर येते तिथे पट्टी टिकत नाही.

कुठूनही टिपके दिसत असतील तर दुधी सिलिकॉनची नळी घ्या, पट्टी तिच्यात सरकवता येते. किंवा दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची खोबण. टिपके कितपत विरघळतील हे झाकण आणि एलईडी यांच्या अंतरावर ठरते. दोन टिपक्यांमधल्या अंतराइतके तरी ते अंतर मिळाले तर उजेड सलग वाटू लागतो. मीटरला ६० एलईडी म्हणजे दोन टिपक्यांत सुमारे १७ मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये एवढी जागा क्वचित मिळते, म्हणून उघड्या जागेसाठी मीटरला १४४ एलईडीची पट्टी बरी: तिच्यात हे अंतर ७ मिलिमीटर होते. मात्र तिचा करंटही त्याच प्रमाणात जास्त, तो हिशोब पुन्हा करा.

तारा ट्रेच्या मागून न्या आणि पंख्याच्या पात्यांपासून लांब बांधा.

सॉफ्टवेअरमध्ये काय करायचे

एआरजीबी हेडरला तिथे किती एलईडी आहेत ते स्वतःहून कळत नाही. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही द्यायचा. कमी दिला तर शेवटचे एलईडी बंद राहतात किंवा जुन्याच रंगावर अडकतात. जास्त दिला तर फिरणारा रंग मध्येच नाहीसा होऊन थोड्या वेळाने उगवतो.

मदरबोर्ड बनवणाऱ्या प्रत्येकाचे आपले सॉफ्टवेअर आहे: असूसचे आर्मरी क्रेट, एमएसआयचे एमएसआय सेंटर, ॲसरॉकचे पॉलिक्रोम. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र चालवायचे असतील तर ओपनआरजीबी हे मुक्त सॉफ्टवेअर बघा. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लायटिंग नावाची सोय सेटिंग्जमध्येच आली आहे, पण तिला जुळणारी उपकरणेच तिच्यात दिसतात. एका वेळी एकच सॉफ्टवेअर चालू ठेवा. दोन चालू असतील तर दोघे एकाच पट्टीला वेगवेगळे हुकूम देत राहतात आणि रंग थरथरतात.

आता रंग. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण चांगली बसवलेली पट्टी इथेच वाया जाते. बहुतेक सॉफ्टवेअर सुरू होताना सप्तरंगी फिरते चक्र देते. ते पाच मिनिटे बघा आणि बंद करा. फिरणाऱ्या रंगाखाली कुठल्याच वस्तूला स्वतःचा रंग उरत नाही. त्याऐवजी एक मुख्य रंग निवडा आणि तो कॅबिनेटमधल्या वस्तूंकडे बघून निवडा. तांब्याचे पाइप दिसणारा कूलर असेल तर त्यावर अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा, घाला, तांबे जिवंत होते. त्याच तांब्यावर निळा टाकला तर ते मातकट काळे दिसते, कारण तांबे निळा उजेड फारसा परतवत नाही. ॲल्युमिनियम आणि पांढऱ्या वस्तू कुठलाही रंग घेतात.

अंबरसाठी लाल २५५, हिरवा ९०, निळा ० पासून सुरुवात करा आणि हिरवा आकडा थोडा थोडा खाली आणत बघा. स्क्रीनवर दिसणारा रंग आणि पट्टीचा रंग जुळत नाहीत, म्हणून नजर स्क्रीनवर न ठेवता कॅबिनेटवर ठेवा. पांढऱ्याचीही तीच कथा. तिन्ही आकडे २५५ केले की मिळणारा पांढरा निळसर, थंड असतो. निळा १५० ते १७० वर आणि हिरवा २०० च्या आसपास आणला की तो ऊबदार होतो. अस्सल पांढरा उजेडच हवा असेल तर वेगळा पांढरा एलईडी असलेल्या चार रंगांच्या पट्ट्या मिळतात, पण मदरबोर्डचे हेडर तीन रंगांचाच हिशोब पाठवते, त्यांना वेगळा कंट्रोलर लागतो.

दुसरा रंग हवाच असेल तर तो थोड्या जागेत आणि मंद ठेवा. वरून ऊबदार पांढरा आणि ट्रेच्या मागून खोल निळा, ही जोडी मी रंगमंचावर वर्षानुवर्षे वापरली आहे आणि कॅबिनेटमध्येही ती तितकीच चालते. ऊबदार उजेडातली वस्तू पुढे येते, निळी पार्श्वभूमी मागे सरते.

ब्राइटनेस रात्री ठरवा. डोळ्याला उजेड आकड्यांच्या प्रमाणात जाणवत नाही. २५५ वरून १२८ वर आणले तरी उजेड निम्मा झाल्यासारखा वाटत नाही, थोडासाच उतरल्यासारखा वाटतो. खरा फरक ६० च्या खाली दिसतो. मी बहुतेक मशीन २० ते ३० टक्क्यांवर ठेवते. करंट कमी लागतो आणि काचेत खोलीचे प्रतिबिंब राहूनही आतले सगळे दिसते. रंग हलता हवा असेल तर श्वासासारखी हळू लय ठेवा, एका आवर्तनाला दहा सेकंदांहून कमी नको. काम करताना नजरेच्या कडेला पटपट हलणारी गोष्ट मन सतत तिकडे ओढते.

काही बिघडलेच तर

लांब पट्टीत पांढरा रंग सुरुवातीला नीट आणि शेवटी पिवळट किंवा लालसर दिसतो, याचे कारण व्होल्टेज उतरणे. लाल एलईडीला पेटायला सुमारे २ व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या आसपास लागतात. पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना पाच व्होल्ट घटत जातात, आधी निळा दमतो, लाल टिकून राहतो. (तसा निळ्याने सगळ्यांनाच दमवले. लाल एलईडी १९६२ मध्ये आला, पण चांगला तेजस्वी निळा करायला १९९३ उजाडले. त्यामागच्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळा नसता तर आज पट्टीवर पांढराही नसता.) व्होल्टेज उतरण्यावर उपाय म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारा आणून जोडणे. डेटा मात्र एकाच टोकाने.

पहिलाच एलईडी विचित्र रंगावर अडकला आणि पुढचे सगळे बंद असतील तर बहुधा त्या पहिल्याची चिप गेली आहे. तो एक एलईडी कापून टाका आणि तारा दुसऱ्याला जोडा. मध्येच कुठे तरी उजेड थांबत असेल तर शेवटचा चालू आणि पहिला बंद, या दोघांतला एक गेला आहे किंवा त्यांच्यामधला जोड सुटला आहे. लाल मागितल्यावर हिरवा येत असेल तर बिघाड काही नाही. या चिप आकडे हिरवा, लाल, निळा अशा क्रमाने घेतात, सॉफ्टवेअरमध्ये तो क्रम बदलता येतो. सगळी पट्टी वाटेल तशी लुकलुकत असेल तर आधी ग्राउंडचा जोड तपासा, विशेषतः पट्टीला बाहेरच्या अडॅप्टरमधून पॉवर दिली असेल तर. अडॅप्टरचे ग्राउंड आणि कॉम्प्युटरचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले नसेल तर डेटा वाचलाच जात नाही.

मशीन बंद केल्यावरही दिवे चालू राहत असतील तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, जा. बंद अवस्थेत एलईडी चालू ठेवायचे की नाही, याचा वेगळा पर्याय बऱ्याच बोर्डांवर असतो, तो शोधून बंद करा. तो नसेल तर ईआरपी नावाचा पर्याय चालू केला की बंद मशीनला मिळणारी बहुतेक पॉवर तुटते आणि दिवे विझतात. पण त्याबरोबर बंद मशीनच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज करणे आणि कीबोर्डने मशीन जागे करणे हेही बंद होते, म्हणून ईआरपीला हात लावण्याआधी एलईडीचा पर्याय नीट शोधा.